जुन्या बाथरूममधल्या नक्षीच्या लाद्या, बिडाचा टब आणि पितळी नळ: ठेवू की काढू?

जुनीखिडकी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१२

मंडळी, पणजोबांच्या काळातलं घर आता माझ्या गळ्यात पडलंय. (प्रेमानेच म्हणतेय.) बाकीच्या खोल्या होतील सावकाश, पण बाथरूम थांबायला तयार नाही. खालच्या खोलीच्या छताला ओल आलीय, पोपडे पडतायत.

जमिनीवर कुणीतरी कधीतरी व्हायनिलच्या बदामी टाइल चिकटवून ठेवल्यात. काल जाळी तुंबली म्हणून ती काढायला गेले, तर शेजारची एक टाइल कडेने वर आली होती ती हातातच आली. खाली काळा डिंक, आणि डिंक निघाला होता तिथे लाल, करड्या नि पांढऱ्या रंगाची नक्षी. ओल्या फडक्याने पुसली तर एका फुलाच्या चार पाकळ्या दिसल्या. अर्धा तास तिथेच बसून होते. जाळी अजून तुंबलेलीच आहे.

बाकी ऐवज असा: चार पंजांवर उभा असलेला बिडाचा टब, नळाची धार पडते तिथे मुलामा झिजून खरखरीत झालेला. दोन पितळी नळ, दोन्ही ठिबकतात. भिंतीवर उंच टांगलेली साखळीची फ्लश टाकी, बंद. भिंतीला छातीपर्यंत पांढऱ्या टाइल, त्यांच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. आणि खडबडीत काचेची एक खिडकी.

प्लंबर येऊन दोन मिनिटं बघून म्हणाला, "सगळं फोडा, आठवड्यात नवंकोरं करून देतो." तुम्ही काय कराल?

तोडाआणिसुटा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

फोडा. दोन पाकळ्या बघून विरघळू नका. घर गळतंय, आधी ते बघा. जुन्याची हौस फार दमवते, मी त्यातून गेलोय. सहा महिने बादलीने आंघोळ केली आणि शेवटी नवीनच टाइल लावल्या.

फिरकी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४४

दोन नाही, चार पाकळ्या म्हणाल्या त्या.

रसायनशाळा | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

जुनीखिडकी, आता उठून मोजपट्टी घ्या. व्हायनिलची टाइल ९ इंच बाय ९ इंच आहे का? तशी असेल तर एकही टाइल आणखी उचकटू नका. त्या मापाच्या जुन्या टाइलमध्ये आणि खालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस सापडण्याची शक्यता बरीच असते. अखंड पडून असेल तोवर फारसा त्रास देत नाही. घासलं, फोडलं, ग्राइंडर फिरवला की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात ते कायमचे. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, पण बंदीआधी जे चिकटवलं ते जमिनीवरच आहे. निघालेली टाइल ओली करून जाड पिशवीत बंद करा आणि टाइल नि डिंक दोन्हींचे वेगवेगळे नमुने प्रयोगशाळेत द्या. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकंही पिशवीत टाका.

जुनीखिडकी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१९

९ बाय ९. दार लावून घेतलंय. झोप उडाली.

पान्याचा धनी | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

ताई, घाबरून जाऊ नका. रसायनशाळाबाईंनी सांगितलंय ते मात्र अक्षरशः पाळा.

आता माझ्या धंद्याचं. लाद्या, टब, नळ हे सगळं नंतर. पाणी कुठून जातंय ते कळल्याशिवाय ठेवायचं काय नि फोडायचं काय, हे ठरवताच येत नाही. दोन मिनिटांत ज्याला निदान होतं त्याला निदान झालेलं नसतं. संशयित तीनच: येणारा पाइप, जाणारा पाइप आणि जमीन.

रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. मीटर नसेल तर टाकीच्या पातळीवर खूण करा. सकाळी आकडा सरकलेला असला तर येणारा पाइप गळतोय. मात्र ठिबकणाऱ्या नळांचा हिशोब धरायचा, खाली भांडी ठेवून ते पाणी मोजा. आकडा हलला नाही तर दुसऱ्या दिवशी जमीन जराही ओली न करता नरसाळ्याने थेट जाळीत चार-पाच बादल्या ओता, पाण्यात खायचा रंग घाला. छतावर रंगीत ओल उतरली तर जाणारा पाइप किंवा त्याचा सांधा. तीही नाही, तर पुढची पायरी जाळीला बोळा घालून जमिनीवर दोन बोटं पाणी तुंबवायची. ही शेवटची परीक्षा तुमच्याकडे आत्ता नको, व्हायनिल आणि डिंक भिजून सुटतील. पहिल्या दोन करा. दोन्हींतून पाइप निर्दोष सुटले तर गुन्हेगार जमीनच.

आणि हो, जाळीतून वास येतो का? जुन्या बाथरूममध्ये पुष्कळदा खाली ट्रॅपच नसतो किंवा तो सुकलेला असतो. वाकड्या नळीत पाणी अडवून गटाराचा वास रोखायची युक्ती अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये पेटंट केली, तरी आजही ती नसलेली घरं मला सापडतात. ट्रॅपमध्ये निदान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे.

तोडाआणिसुटा | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

काका म्हणतात ते पटतं. पण जमीनच गळत असेल तर फोडावीच लागणार ना? मग वाद कसला?

गवंडीगप्पा | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२५

फोडणं आणि उचलणं यात फरक आहे साहेब. जुन्या लाद्या चुन्याच्या मसाल्यावर बसवलेल्या असतील तर एकेक करून सबंध निघतात. चुना लादी सोडतो, सिमेंट सोडत नाही. सिमेंटवर बसवलेल्या असतील तर मात्र निम्म्या गेल्याच समजा, तेव्हा तोडाआणिसुटा म्हणतात तसं करायची वेळ येते.

लादी कोणती तेही बघा. सैल तुकड्याची कड बघायची. खालचा भाग करडा, वाळूसारखा दाणेदार आणि वर रंगाचा तीन-चार मिलिमीटरचा वेगळा थर असेल, तर ती दाबून केलेली सिमेंटची लादी. भट्टीत भाजलेली नसते, दाबाच्या यंत्रात घडवून पाण्यात पिकवलेली असते. सगळी जाडी भाजलेल्या मातीची आणि नक्षीही मातीचीच असेल, तर ती एनकॉस्टिक. तिचं पेटंट सॅम्युअल राइटने १८३० मध्ये घेतलं आणि हर्बर्ट मिंटनने ती गाजवली. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, वागायला अगदी वेगळ्या. सिमेंटच्या लादीला अ‍ॅसिड म्हणजे मरण. बाथरूम साफ करायचं बाटलीतलं अ‍ॅसिड सोडाच, लिंबू आणि व्हिनेगरही नको. फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघतोय, निघत असतो तो रंगाचा थर.

जुनीखिडकी | १९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय.

मीटर रात्रभरात हलला तो नळांच्या ठिबकण्याएवढाच. भांड्यांतलं पाणी मोजून खात्री केली. रंगीत पाण्याने छत कोरडं. म्हणजे जमीन.

प्रयोगशाळेचा निकाल: टाइलमध्ये काही नाही, काळ्या डिंकात क्रायसोटाइल, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच एक प्रकार. रसायनशाळा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. प्रशिक्षित माणसं बोलावली. त्यांनी दार प्लास्टिकने सील केलं, सगळं ओलं ठेवून टाइल काढल्या, डिंक ओला खरवडला आणि उरलेला द्रावक लावून पुसला. दोन दिवस लागले. पुन्हा नमुना घेऊन खोली स्वच्छ असल्याचा कागद दिला, तेव्हाच आत गेले.

लाद्या सिमेंटच्या आहेत. काळसर छाया राहिलीय पण नक्षी अख्खी. सात लाद्या फुटलेल्या, सगळ्या जाळीभोवती. ठोकून पाहिलं तर निम्मी जमीन बद्द वाजते. गवंडीगप्पा, आता सांगा, उचलू कशा?

गवंडीगप्पा | १९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बद्द वाजते ही चांगली बातमी. खालून सुटलेली लादी निम्मं काम करून बसलेली असते.

आधी फोटो, वरून सरळ. मग प्रत्येक लादीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा लिहा आणि वरच्या कडेकडे बाण काढा. बाण विसरू नका. चार लाद्यांचं मिळून एक फूल होतं, एक फिरली की फूल मोडतं.

फुटलेल्या लादीपासून सुरुवात करायची. ती छन्नीने तुकडे करून काढा म्हणजे शेजारणीच्या पोटाखाली जायला जागा होईल. हॅकसॉचं तुटकं पातं एका टोकाला फडकं गुंडाळून धरा आणि सांधे कोरून काढा. यंत्र लावू नका, कडेचा रंग उडतो. मग चपटी पट्टी लादीखाली आडवी सारायची, वर उचलायची नाही, नुसती आत आत सारत राहायची, आणि पट्टीच्या मागच्या टोकावर रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. कुरकुर ऐकू येते, मग एक बारीक "टक". त्यानंतर दोन्ही हातांनी उचला. "टक" ऐकायच्या आधी जो उचलतो त्याच्या हातात अर्धी लादी येते.

निघालेल्या लाद्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. पाठीचा चुना पाण्यात भिजवून खरवडा.

फुटलेल्या सातच्या बदली लाद्या विकत शोधत फिरू नका. टबाखाली बघा, तिथे नक्षी कुणाला दिसणार नाही. तिथल्या सात बाहेर आणा आणि टबाखाली साध्या बसवा. सावलीत राहिल्यामुळे थोड्या गडद दिसतील, एवढंच.

उंबरठा | २० फेब्रुवारी, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. तो "टक" आमच्याकडे मी ऐकला नव्हता, म्हणून आमच्या अर्ध्याच लाद्या उरल्या.

जुनीखिडकी | २ मार्च, रात्री ११:३०

११२ लाद्या. ९८ सबंध निघाल्या. सात आधीच गेलेल्या होत्या, सात माझ्या हातून गेल्या. टबाखालच्या सोळा धरून हिशोब जमतोय.

मध्येच कंटाळा आला म्हणून आज एक नळ उघडला. मुख्य चावी बंद. मुठीवरचा स्क्रू गंजून एकजीव झाला होता, तेल सोडून रात्रभर ठेवला तेव्हा सुटला. मूठ, त्याखाली घुमटासारखं झाकण, मग नट, मग स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा. पान्याच्या जबड्यात फडकं धरलं होतं तरी नटावर एक ओरखडा आलाच. वायसरचा नुसता काळा लगदा झालेला. टॉर्चने आत पाहिलं तर ज्या गोल कडेवर वायसर बसतो तिथे एक खाच, नखाला लागते एवढी. आणि स्पिंडलचा आटा मध्येच पिवळ्याऐवजी गुलाबी दिसतोय. काका, हे काय?

पान्याचा धनी | ३ मार्च, सकाळी ६:१५

गुलाबी म्हणजे पितळेतलं जस्त पाण्याने खाल्लं, मागे उरलं सच्छिद्र तांबं. चाकूच्या टोकाने टोकरा. भुगा पडला तर तो स्पिंडल संपला, लेथवर तसाच दुसरा करून घ्या. नळाचं अंग आतून पिवळंजर्द असेल तर ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

खाचेसाठी नवा नळ लागत नाही. सीट कटर मिळतो, नळाच्या तोंडातून आत बसवून हाताने दोन-तीन फेरे द्यायचे, कड पुन्हा सपाट होते. जोर लावू नका, चकचकीत सलग वर्तुळ दिसलं की थांबा. बरेच लोक इथे नुसता वायसर बदलतात आणि महिन्याभरात नळ पुन्हा ठिबकतो. मग जुन्या नळांच्या नावाने बोटं मोडतात.

नटाखालच्या जुन्या दोऱ्याच्या जागी टेफ्लॉनची दोरी भरा.

आणखी एक. नवीन पाइपला हा नळ जोडताना आटे बघून घ्या. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आट्यांत इंचाला १४ फेरे असतात, पण कोन एकाचा ५५ अंश नि दुसऱ्याचा ६०. त्यामुळे दोन-तीन फेरे गोडीत जातात, माणसाला वाटतं बसलं. मग आवळून आवळून पितळ चिरतं.

फिरकी | ३ मार्च, सकाळी ८:४०

गोडीत सुरू होऊन पुढे चिरतं... काका, हे नक्की नळाबद्दलच ना?

जुनीखिडकी | ३ मार्च, सकाळी ९:००

:) चाकूने टोकरलं, भुगा पडला. दुसऱ्या नळाचा स्पिंडल मात्र ठणठणीत. वरचा चंदेरी मुलामा उडालाय, क्रोम करून घेऊ का?

उंबरठा | ३ मार्च, सकाळी ११:२०

उरलेला मुलामा जरा पिवळसर, उबदार झाकेचा आहे का निळसर? पिवळसर असेल तर निकेल. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याआधीच्या नळांवर निकेलच असायचं. निकेलवर क्रोम चढवलंत तर नळ वाचेल पण चेहरा बदलेल. मी तर उघडं पितळच ठेवलं असतं.

तोडाआणिसुटा | ३ मार्च, दुपारी ४:००

बरं, टबाचं काय? घरी येऊन स्प्रे मारून एका दिवसात नव्यासारखा करून देणारे असतात. जुनं जपायचंय तर तेवढं तरी सोपं करा.

रसायनशाळा | ३ मार्च, सायंकाळी ७:४५

या "एका दिवसात"मागे काय असतं ते सांगते. टबाचा मूळ मुलामा म्हणजे काच आहे, साधारण ८०० अंश सेल्सिअसला बिडावर वितळवून बसवलेली. घरी येऊन मारतात तो इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा रंग. नीट मारला तर पाच-दहा वर्षं टिकतो, घाईत मारला तर दोन वर्षांत सालं निघतात.

सालं निघाली की पुढचा माणूस जुना रंग काढायला येतो, इथे खरा धोका. रंग काढायच्या द्रावणात डायक्लोरोमिथेन असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबातच साठते, आणि काम करणारा टबात वाकलेला असतो. अमेरिकेत २०००-२०११ या काळात टबांची अशी कामं करणारे १३ जण यात गेले. छोटी बाथरूम, बंद खिडकी. २०१९ मध्ये तिथे घरगुती वापरासाठी या द्रावणाची विक्री बंद केली. त्यामुळे डब्यावरचं वाचल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका.

जुन्या मुलाम्यात शिसंही असू शकतं. झिजून खरखरीत झालेल्या जागेतून ते पाण्यात उतरतं. लहान मूल आंघोळ करणार असेल तर आधी चाचणी.

पान्याचा धनी | ४ मार्च, सकाळी ६:४०

टब हलवायच्या आधी वजनाचा विचार करा. बिडाचा रिकामा टब १३० किलो धरा, पाणी १८० लिटर म्हणजे १८० किलो, माणूस ७०. पावणेचारशेच्या वर गेलं, आणि तेही चार पंजांवर. खाली लाकडी तुळया आहेत आणि वर्षानुवर्षं ओल मुरलीय. लाद्या निघाल्याच आहेत तर पंजांखालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला तर आधी सुतार.

जुनीखिडकी | ६ मार्च, रात्री १०:०५

एका तुळईत दोन इंच आत गेला. टबाच्या पंजाखालीच. इतकी वर्षं त्यात बसून आंघोळी झाल्यात या घरात.

सुतार येऊन गेला. कुजलेला भाग कापून दोन्ही बाजूंनी नवीन लाकूड जोडणार. शिशाची चाचणी केली, खरखरीत जागी आलं, बाकी टब स्वच्छ. तेव्हा टब भट्टीचा खरा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात जाईल. घराबाहेर काढायला पाच माणसं लागली.

गवंडीगप्पा | ६ मार्च, रात्री १०:५०

आता जमीन. लाकडावर कडक फळ्या, वर पातळ कोबा, जाळीकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार. त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा, भिंतीवरही वीतभर चढवलेला. हे सगळं नवं असू द्या, यात जुन्याचा हट्ट नको. मग जाळी बंद करून २४ तास पाणी उभं करा. खाली कोरडं राहिलं तरच लाद्या.

लादी बसवली की सांधे भरायच्या आधी शोषून घेणाऱ्या सीलरचा एक हात मारा. नाहीतर ग्राउटचा रंग लादीत उतरतो आणि जन्मभर तसाच राहतो.

भिंतीला मात्र नवं नको. गिलावा चुन्याचा असेल तर डागडुजीही चुन्यानेच करा, एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) मिळाला तर उत्तम. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि शेजारचा गिलावा फुगतो. रेघा पडलेल्या पांढऱ्या टाइल पाणी पितात. शॉवरखालच्या काढा, कोरड्या भिंतीवरच्या राहू द्या.

तोडाआणिसुटा | ७ मार्च, सकाळी ९:३०

फ्लशच्या टाकीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. टाकी ठेवा, आतला सांगाडा नवीन घाला. पण जुन्या भांड्याचा मोह धरू नका. ते ९-१० लिटरच्या हिशोबाने घडवलेलं असतं, त्यात ६ लिटर सोडलं तर दोनदा साखळी ओढावी लागते. मग बचत कुठे राहिली?

पान्याचा धनी | ७ मार्च, सकाळी १०:००

मान्य. शंभर टक्के.

जुनीखिडकी | २१ एप्रिल, रात्री ८:१५

पाणी २४ तास उभं केलं. रात्री दोनदा उठून खालच्या छताला हात लावून आले. कोरडं. आणखी एक दिवस ठेवलं, तरी कोरडं.

लाद्या बसल्या. नळ पितळीच ठेवले, दोन्ही बंद होतात, एका बोटाने. टाकी जुनी, भांडं नवीन. शॉवरखालच्या टाइल गेल्या. खिडकीचं पुटिंग खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलात मळून मीच भरलं, अजून नखाने दबतंय. टब पुढच्या आठवड्यात येतोय.

एक गोष्ट मात्र झालीय. ४१ नंबरची लादी पाव फेरा फिरलेली आहे. खिडकीखालच्या फुलाची एक पाकळी बाहेर तोंड करून बसलीय. चिकटपट्टी भिजून पडली होती, बाण माझ्या आठवणीवर काढला. ग्राउट भरून झाल्यावर लक्षात आलं. काढू का?

गवंडीगप्पा | २१ एप्रिल, रात्री ८:४०

काढू नका. आता खाली चुना नाही, तो "टक" होणार नाही. शिवाय पडदा फाटेल.

फिरकी | २१ एप्रिल, रात्री ८:४२

तिथे पायपुसणं टाका.

जुनीखिडकी | २१ एप्रिल, रात्री ८:५५

टाकलं होतं. नवऱ्याने उचललं, म्हणाला नक्षी झाकली जाते. त्याला अजून दिसलेलं नाही.

तोडाआणिसुटा | २१ एप्रिल, रात्री ९:३०

फोटो टाका की. आणि काका, तो सीट कटर अर्ध्या इंचाच्या आणि पाऊण इंचाच्या नळाला एकच चालतो का? सहज विचारतोय. माळ्यावर जुने दोन नळ पडलेत.

पान्याचा धनी | २२ एप्रिल, सकाळी ६:१०

कटरचं दांडकं एकच, पाती वेगळी. संच घ्या. आधी स्पिंडल काढून रंग बघा, गुलाबी निघाला तर सांगा.